गळका बंब

लग्नात वडिलांनी मला तांब्याचा बंब दिला. मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या वाटेवर माझं सासर. तिथल्या शेतकरी घरांत सुनेबरोबर हंडा-कळशी येई, बंब आला तो आमच्याच घरी. वडील शहापूरचे, तानशाच्या लाइनीवर कामाला. धरणातून मुंबईला पाणी नेणाऱ्या नळाच्या कडेकडेने चालायचं आणि कुठे पाझरतंय का ते बघायचं, हे त्यांचं काम. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर जाई. ते नळाला कान लावून उभे राहिले की मीही कान लावी. तिथला कोणी साहेब बदलून गेला, त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं आणि वडिलांनी त्यातून हा बंब माझ्यासाठी उचलला. आई मी चालायला लागले तेव्हाच गेली होती. पोरीला सासरी निदान ऊन पाणी तरी मिळावं, असं त्यांच्या मनात आलं असावं.

सासूबाईंना तो बंब कधी आवडला नाही. त्यांचा हंडा तीन दगडांवर आयुष्यभर सुखाने तापत आला होता. बंबाच्या पोटातून वर गेलेली ती नळी, नळीत निखारे, भोवती पाणी, हे सगळं त्यांना साहेबी खूळ वाटे. माझ्या बंबाला त्या हातही लावत नसत. मीच तो चिंचेने घासून लखलखीत ठेवी आणि मनातल्या मनात मिरवी.

जगभरची ती मोठी लढाई चालू होती, आणि मला पहिल्यांदा दिवस गेले होते, त्या वर्षीच्या थंडीत बंब गळायला लागला. बाहेरून गळता तर खाली तांब्या ठेवून भागलं असतं. हा गळत होता आत, नळीच्या सांध्यातून, थेट निखाऱ्यांवर. पाणी कोमट झालं की न्हाणीतून चर्र असा आवाज येई, मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा चर्र. मी चुलीपाशी भाकरी थापत असले तरी कान तिकडे. एका जागी बसवत नसे. भाकरी करपे, मी उठून जाई, फुंकर घाली, धूर डोळ्यांत घेऊन परत येई.

"तुझा बंब पाणी तापवतो का आग इझवतो गो?" सासूबाई ओटीवरून विचारत.

एकदा त्यांनी सरळच सांगून टाकलं. "म्हसा गावच्या जत्रेत मोड घेणारे येतात. हा मोडीत घालू नि चांगला हंडा आणू. बाळंतिणीला पाणी लागतं, तमाशा नाय लागत."

त्यांचं चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. माहेरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं होतं. आईच्या हातची मालीश नाही, आईच्या हातचा काढा नाही. निदान पाणी तरी माझ्या बंबातलं असावं, एवढं एक मी धरून बसले होते. आमच्या ह्यांना विचारलं तर ते आईला हो म्हणाले आणि मलाही हो म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग मी स्वतःच कंबर कसली. चुना आणि गूळ कालवून सांध्यात भरला, तो पहिल्या तापात सुटून आला. उडदाचं पीठ भरलं, त्याची नळीत छान भाकरी झाली. डोंगरावरच्या वाडीतून मोळी घेऊन येणाऱ्या बाईने पळसाची लाख आणून दिली. ती वितळवून ओतली, तर बंब पेटवताच असा काही वास आणि धूर सुटला की अंघोळीला बसलेले आमचे हे पंचा सांभाळत अंगणात आले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले असते, पण जत्रा जवळ येत चालली होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मुरबाडच्या बाजारात कल्हईवाला बसे. ह्यांच्यामागे लागून त्याला घरी आणवला. त्याने नळीत हात घालून सांधा चाचपला.

"नळी धड हाय, बाय. सांधा धरून ठेवणारी झाळ गेली. कथील असता तर आता झाळून दिला असता."

"मग घाला की कथील."

"कुठला घालू? लढाईनं गिळला सगळा. माझा भाता बघा, थंड पडलाय."

खरंच होतं ते. त्या वर्षी घराघरांतल्या पितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली होती, आमटी कळकत होती, ताक तर मातीच्या मडक्याशिवाय ठेवताच येत नव्हतं. "बोटाएवढा मिळाला तरी आणा, मी म्हशाच्या जत्रेत बसणार हाय," एवढं सांगून तो गेला. मी फडताळं उपसली, माळा उपसला, आळीतल्या बायकांना विचारून आले. पोट सांभाळत अशी दारोदार फिरताना बघून सासूबाई चिडल्या. "बस जरा एका जागी! पोर तिथंच टाकशील वाटेत." मी बसले आणि लगेच उठले.

जत्रेच्या दिवशी पहाटे ह्यांनी गाडी जुंपली. पेंढ्यात गुंडाळून बंब चढवला. सासूबाई वर बसल्या. मला त्या अवस्थेत जाता येणार नव्हतं. गाडी वळणाआड गेली तशी मी रडले, मोठ्याने, शेजारीण ओट्यावर आली तरी थांबले नाही. मग दिवसभर नुसत्या येरझारा. न्हाणीत गेले, बंबाखालची गोल ओली जागा पाहिली, बाहेर आले. तांदूळ निवडायला घेतले, सूप तसंच ठेवलं. मोड घेणारे आधी घण मारून भांडं चेपतात, मग वजन करतात, हे मी पाहिलेलं होतं. तो घण मला कानात ऐकू येत होता.

दिवेलागणीला गाडी आली. मी बघितलंच नाही, चुलीकडे तोंड करून बसले. मागे काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला. वळले तर बंब, अख्खा. नळीत डोकावले. सांध्यावर पांढरी चकचकीत झाळ फिरली होती, नवसागराचा वास अजून जात नव्हता.

सासूबाई पाय धुवायला मागे गेल्यावर ह्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. मोडवाल्याच्या दुकानाशी गाडी उभी केली, तर आई म्हणाली, पुढं घे, कल्हईवाल्याकडं. तिथे तिने कनवटीची गाठ सोडली. आत तान्ह्या पोराच्या पायातले कथलाचे वाळे होते. चांदी कुठली असणार तेव्हा घरात.

"कोणाचे?" मी विचारलं.

"माझ्या आधी एक मुलगी होती म्हणे," हे म्हणाले. "मला आज कळलं."

एवढं सांगून ते बैल सोडायला गेले. जे मी घरभर शोधत होते ते सासूबाईंच्या पेटीत होतं, आणि त्यांनी मला फिरू दिलं होतं. त्यांनाही मन घट्ट करायला तेवढे दिवस लागले असणार.

त्या परत आल्या तेव्हा मी काटक्या हातात घेऊन बंबाशी उभी होते. बघायची घाई झाली होती मला. त्यांनी माझ्या हातातून काटक्या काढून घेतल्या.

"आधी पाणी घाल. कथलाची झाळ, पाण्यावर टिकते. कोरडा पेटला तर वितळून जाईल, तो बोलला."

मुलगी झाली. सासूबाईंनी तिला पायांवर घेऊन बंबातल्या पाण्याने न्हाऊ घातलं, मला न्हाऊ घातलं. तो चर्र आवाज पुन्हा आला नाही. माझी चुळबुळ मात्र गेली नाही, फक्त तिने जागा बदलली. कोणी तोटी सोडून जास्त वेळ पाणी घेतलं की मी जिथे असेन तिथून ओरडे, "वरून ओता!" पाहुण्यांना वाटे, सून भारी तापट.

पण माझ्याही आधी कोणीतरी जागं असे. रोज सकाळी मी उठून न्हाणीत जाई, तेव्हा सासूबाई तिथे असत. ज्या बंबाला त्यांनी कधी हात लावला नव्हता त्याचं झाकण काढून त्यांनी आत कोपरापर्यंत हात घातलेला असे. पाणी आहे याची खात्री पटली की मगच त्या मला म्हणत, "हां, पेटव आता."