जुवाचे चार ठोकळे

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. मोजून बघितल्याशिवाय मी दुधात पाणी आहे असंही म्हणत नाही. हा प्रकारही मोजूनच बघितला... आणि दमलो.

आम्ही मुळशीचे. युद्धानंतर लष्कराने विकायला काढलेला एक ट्रक माझ्याकडे आहे, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेला. माझा मेव्हणा सोपान तो चालवतो. ताम्हिणीच्या बाजूचा भात आणि कोळसा पौडला आणतो. ओढ्याचं पाणी इंजिनाच्या पंख्यापर्यंत येई, म्हणून ट्रक चार इंच उचलायचं ठरवलं. ॲक्सल आणि स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालायचे, लांब बोल्टांनी आवळायचे. लोखंडी मिळेपर्यंत लाकडी चालतील, असा माझा हिशेब.

सासरे आमच्याकडेच राहतात; त्यांच्या बैलगाडीचं जुनं जू घरात पडून होतं. बाभळीचं, बरोबर चार इंच जाड. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते गाव सोडून आले, ते त्याच गाडीतून. जू चुलीत घालायचं नाही ही घरची रीत, म्हणून राहिलेलं. कापू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. कापलं, चार ठोकळे केले.

ट्रक उचलला की स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो आणि प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळू बघतं. ते मला ठाऊक होतं. दांडा जिथे अडकतो तो लोखंडी हात लोहाराकडून तापवून, वाकवून घेतला; दांडा पुन्हा सपाट बसला. पौडपर्यंत ट्रक दोरी धरल्यासारखा सरळ गेला.

पण धरणाच्या तलावाच्या कडेला एक जागा आहे. तिथून जुनी गाडीवाट फुटते आणि पाण्यात जाते. तिथे सोपान दोनदा रस्ता सोडून खाली उतरला. दुसऱ्यांदा पुढची चाकं पाण्यात होती. गावात झालं – सोपान पितो. भातवाल्यांनी बजावलं, ड्रायव्हर बदला, नाहीतर माल दुसऱ्याला देतो.

"दाजी, पोटात च्या बिगर काय न्हाई. तोंडाचा वास घ्या."

"मग वळवलास कशाला?"

"म्या न्हाई वळवला. त्यो वळला."

"ट्रकाची सासुरवाडी हाय काय तितं?"

तो हसला नाही. "एकदा तुमीच बसा की."

बसलो. भर दुपार, रिकामा ट्रक. त्या जागी स्टिअरिंग माझ्या हातात फिरलं. हिसका नाही – सावकाश, बैल ओळखीच्या वाटेला लागतात तसं. जोर लावून सरळ केलं. येताना पुन्हा तेच. जाताना उजवीकडे, येताना डावीकडे... म्हणजे दोन्ही वेळा तलावाकडे. दोष दांड्यात असता तर एकाच बाजूला ओढलं असतं. रस्त्याचा उतार पाहिला, तो डोंगराच्या अंगाला. चाकं दोरी लावून तपासली, हवा पाहिली. सगळं बरोबर.

घरी आलो तर सासरे ट्रकखाली वाकले.

"पाव्हणं, हे आमचं जू?"

"होय, मामा."

त्यांनी एका ठोकळ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "गाव सोडलं तवा बैलं त्या गाडीवाटंवनंच माघारी वळायची. सारखी. लई मारलं म्या त्यास्नी."

पुढे लोखंडी ठोकळे आले. तीच उंची, तेच बोल्ट, तोच दांडा. ट्रक सरळ जातो. सोपानची ड्रायव्हरकी राहिली. नाव मात्र धुतलं गेलं नाही. भातवाले म्हणतात, "दारू सोडली वाटतं सोपान्यानं!" त्यांना काय समजावणार...

लाकूड दाबाखाली बसतं, मान्य. पण दोन्ही दिशांना जाताना ते तलावाच्याच बाजूला कसं बसेल? मला हे सुटलेलं नाही. आता सोडवायची ताकदही नाही.

ते चार ठोकळे सासऱ्यांनी मागून घेतले. त्यांच्या खाटेखाली आहेत. संध्याकाळी सोपान परतला की ते पडल्या पडल्या विचारतात, "आज वळला का रं?"

"न्हाई, आबा."

मग ते भिंतीकडे कूस बदलतात.