लेखकाने 'उद्या' तीनदा काहून लिहिलं?

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बालाघाटच्या एका शाळेत, माझ्या नातीचं, पलकचं, बरोबर उत्तर चूक ठरलं. वेळ नक्की सांगते, कारण मी तिथेच उभी होते. पालकांना पेपर दाखवायचा दिवस होता.

नववीचा इंग्रजीचा उतारा. गावाचा तलाव गाळाने भरत चाललाय आणि लोक म्हणतात, उद्या काढू. लेखकाने तो 'उद्या' तीनदा का वापरला, असा प्रश्न. पलकने लिहिलं होतं की लेखक त्या लोकांवर चिडलाय, पण तसं म्हणत नाही... त्यांचंच बोलणं ऐकवत राहतो, म्हणजे राग आपल्याला यावा.

दोनपैकी शून्य. कारण मुलांना एक तक्ता पाठ करायला दिलाय. शब्द पुन्हा आला की 'जोर देण्यासाठी', प्रश्न आला की 'उत्सुकता वाढवण्यासाठी'. लिहिणारा चिडलाय की रडतोय, याची चौकशीच नाही.

तिथे उभ्या उभ्या मला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर आठवल्या. मंगळूरकडच्या. मराठीतला एकच शब्द आम्हा खैरलांजीकडच्या मुलींकडून शिकल्या होत्या... काहून, म्हणजे का.

उतारा वाचून झाला की त्या एखाद्या ओळीवर फूटपट्टी ठेवायच्या आणि तेवढं सोडून पुन्हा वाचायला लावायच्या. मग विचारायच्या, आता काय गेलं?

एकदा उताऱ्यात एक आई स्टेशनवर मुलाला विचारत होती, डबा घेतला का, स्वेटर घेतला का, रुमाल घेतला का. सिस्टरनी ते प्रश्न झाकले... उरली नुसती गाडी सुटल्याची बातमी. मी हळूच म्हटलं, तिला रडायचं नव्हतं. त्यांनी फूटपट्टी माझ्या हातात दिली. उरलेला तास काय झाकायचं ते मी ठरवलं. तेव्हापासून मी वाचते आहे.

असो. पलकचे सर तरुण आहेत. त्यांनी उत्तर दोनदा वाचलं. "मॅडम, बात तो सही पकड़ी है बच्ची ने. पर आन्सर-की में नहीं है."

"मग पेपर तुम्ही तपासता की आन्सर-की?" मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं... थोडंसंच.

खरं लागलं ते परतताना, ई-रिक्षात. "जाऊ दे ना आजी, तू काहून टेन्शन घेऊन राह्यली? पुढच्या वेळी मी त्या टेबलमधलंच लिहून देतो." इतक्या सहज म्हणाली. दोन मार्क जाऊ देत... पण ही मुलगी आता वाचणं सोडून देईल.

घरी येऊन अर्ज लिहिला, शाळेच्या ऑफिसात देऊन पोच घेतली. अर्जातलं मागणं इथेही लिहिते, म्हणजे हरवायला नको. मार्क वाढवू नका. सरांनी त्या उत्तराखाली स्वतःच्या अक्षरात एवढंच लिहावं की या मुलीने लेखकाच्या मनातलं बरोबर ओळखलं. येत्या शनिवारी दुपारी बाराच्या आत. तोंडी सांगितलेलं चालणार नाही.