भोसरीचा पंप, समुद्राचा तळ

विश्रांतवाडीच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, मी खोल समुद्रातल्या खाणकामाला स्थगिती मिळावी म्हणून काम करते. देशोदेशीच्या संस्थांनी आणि काही देशांनीही ही मागणी लावून धरली आहे. उजेड पोचत नाही इतक्या खोल तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पडलेले असतात. बॅटऱ्यांसाठी ते यंत्राने ओढून वर आणायचे, असा कंपन्यांचा बेत आहे. तिथे काय काय जगतं हेच अजून नीट माहीत नाही, ते कळेपर्यंत थांबा, एवढंच आमचं म्हणणं. मी पत्रकं लिहिते, परदेशी प्रतिनिधींना ईमेल पाठवते. बहुतेकांचं उत्तर येत नाही. त्याचं आता काही वाटत नाही.

माझा थोरला भाऊ भोसरीच्या एका कारखान्यात पंपांचं डिझाइन करायचा. आई, दादा, वहिनी आणि मी एकत्र राहायचो. गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारातून आल्यावर खीर खाताना दादा म्हणाला, "परदेशातून मोठं काम आलंय. गाळ आणि दगड एकत्र ओढणारा पंप हवाय त्यांना."

"कशासाठी?" मी विचारलं.

"समुद्रासाठी," तो म्हणाला आणि वाटीत बघत राहिला.

आईच्या लक्षात काही आलं नाही. तिने त्याला आणखी खीर वाढली.

आम्ही भांडलो नाही. एका रविवारी त्याने मला ड्रॉइंग दाखवलं. गोळा न फुटता वर कसा येईल, हे तो बोट फिरवून समजावत होता. काम सुंदर होतं.

"आणि गाळ कुठे सोडणार?"

"ते माझ्या ड्रॉइंगमध्ये येत नाही," तो म्हणाला.

पुढे या खाणकामाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय बैठकीत संस्थांच्या वतीने ऑनलाइन बोलायची पाळी माझ्यावर आली. तीन मिनिटं. सकाळी चहा घेताना दादा म्हणाला, "आडनाव लावू नकोस. कारखान्यात विचारतील."

"आडनाव माझंही आहे, दादा."

"आहे ना. लाव मग. मी काय, सांगीन योगायोग आहे म्हणून."

मी पूर्ण नावाने बोलले. शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून वहिनीने कुकर बंद केला होता. तळावरचा गाळ उठला की लांबवर पसरतो आणि दूरच्या जिवांनाही पुरून टाकतो, हे सांगून झालं आणि माझा माइक बंद करण्यात आला. दादा आतल्या खोलीतून आला.

"गाळाचं बरोबर सांगितलंस," म्हणाला आणि पाणी पिऊन परत गेला.

बैठकीत खाणकामाचे नियम ठरले नाहीत. स्थगिती मागणाऱ्यांत आणखी एक देश आला. आमच्या संस्थांच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले. मीही अंगठा पाठवला.

थोड्याच दिवसांनी दादा दुपारीच घरी आला. नियम ठरत नाहीत तोवर पंप नको, असं गिऱ्हाइकाने कळवलं होतं. त्या कामासाठी उभारलेला विभाग कारखान्याने बंद केला, त्यातच दादाची नोकरी गेली. बूट काढता काढता तो म्हणाला, "स्थगिती." कोणी हसलं नाही. मी गवार निवडत होते, ती निवडून पूर्ण केली. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

संध्याकाळी मी त्याला म्हणाले, "माझ्या तीन मिनिटांनी काही झालेलं नाही, दादा. हे मोठ्या देशांचं राजकारण असतं."

"उगाच माझं मन राखू नकोस," तो म्हणाला. "इतकी वर्षं काम केलंस ना? मग केलं म्हणावं माणसाने."

मी गॅलरीतले कपडे आत आणले.

त्याला कोइमतूरला पंपांच्याच कारखान्यात नोकरी मिळाली. तिकडे शेतीचे पंप करतात. वहिनीही गेली. स्टेशनवर आई रडली, मी बॅगा चढवल्या. आता तो आईला फोन करतो आणि शेवटी फोन माझ्याकडे द्यायला सांगतो.

"काय म्हणतोय समुद्र?"

"अजून काही ठरलं नाही."

"बरं. आईच्या गोळ्या बघ."

ईमेल चालू आहेत. खाणकाम अजून सुरू झालेलं नाही, म्हणजे तूर्त आमचंच चाललंय म्हणायचं. दादाची आठवण येते का, असं शेजारच्या काकू विचारतात. मी हो म्हणते. येत असावी.