माईकवरचे एक्कावन्न हजार

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कधी कुणाच्या हाती लागली, तर चुका माफ कराव्यात. मुलीला लिहून दे म्हटलं असतं तर तिने सुरेख लिहून दिलं असतं, पण तिने विचारलं असतं, "आई, तू तेव्हाच का नाय बोललीस?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून मीच लिहिते आहे.

आमच्या पेण-रोह्याकडच्या गावांची कबड्डीची अजिंक्यपद स्पर्धा असते. तिला पन्नास वर्षं झाली म्हणून गेल्या वर्षी स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. स्पर्धेचा सगळा इतिहास त्यात दिला आहे आणि तो मी दोनदा वाचला. पहिली स्पर्धा भातकापणीनंतर रिकाम्या शेतात झाली. धसकटं उपटून, जमीन चोपून, राखेने रेषा मारल्या होत्या. धरमतरच्या खाडीपलीकडचा संघ होडीने यायचा, म्हणून त्यांच्या सामन्याची वेळ भरती बघून ठरवायचे. एका वर्षी अंतिम सामना अर्ध्यावर मोडला, कारण चढाईला गेलेल्याचा दम तुटला की नाही यावर दोन गावं भांडली आणि पंच शेताच्या बांधावरून पळून गेला. रोह्याकडच्या एका गावाने ढाल इतकी वर्षं सोडली नाही की शेवटी ती त्यांनाच देऊन नवी करावी लागली. मग कंपन्या आल्या, कंपन्यांचे खेळाडू आले, मातीवर मॅट आली. हे सगळं खरं आहे आणि वाचायला मलाही बरं वाटलं. माझे सासरे पहिल्या वर्षीच्या फोटोत आहेत असं आमचे हे सांगतात. फोटोत सगळेच सारखे काळे दिसतात, त्यामुळे असतीलही.

पुढे एका पानावर यांचा फोटो आहे. हे डावा कोपरा खेळायचे. चढाईला आलेल्याचा घोटा यांनी एकदा धरला की सुटत नसे. खाली लिहिलंय की अंतिम सामन्यात यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि साहेबांनी, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी, जागच्या जागी एक्कावन्न हजारांची मदत देऊन कुटुंबाला आधार दिला.

आम्हाला एक रुपया मिळालेला नाही.

त्या दिवशी मी मैदानावर होते. बायका बसतात त्या कडेला, मुलगी मांडीवर. ती तेव्हा दुसरीत होती, आता बारावीत आहे. सामना संपायला थोडाच वेळ राहिला होता. समोरचा उंच पोरगा चढाईला आला, यांनी घोटा धरला आणि मागून आमचेच तिघे त्याच्यावर पडले. सगळे उठले, हे उठले नाहीत. पाय भलत्याच बाजूला वळला होता.

आमच्याकडे पद्धत आहे. खेळाडू जायबंदी झाला की मंडळाची पोरं टॉवेल पसरून गर्दीतून फिरतात. कुणी दहा टाकतं, कुणी शंभर. समोरच्या गावची माणसंही टाकतात, उलट जास्तच टाकतात. त्या दिवशीही टॉवेल निघाला. चार पोरांनी चार टोकं धरली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यात नोटा पडत होत्या. एका म्हातारीने पदराची गाठ सोडली. तेवढ्यात माईकवर साहेबांचं नाव पुकारलं. साहेब उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "या वाघाच्या उपचारासाठी माझ्याकडून एक्कावन्न हजार रुपये!"

टाळ्या, शिट्ट्या. माईकवाल्याने तेच तीन वेळा सांगितलं. आणि टॉवेल गुंडाळला गेला. आता कशाला, साहेबांनी दिले ना! अर्धी गर्दी पुढे बाकी होती. जे जमलं होतं ते मंडळाने मांडवाच्या खर्चात धरलं, असं मला मागाहून कळलं. त्या म्हातारीचे पैसेसुद्धा.

आमच्याकडे माईकवर सांगितलं की ते दिल्यातच जमा होतं. 'या चढाईला पाचशे', 'या पकडीला हजार', अशी नावं सामनाभर पुकारत असतात. त्यातले किती खरंच हातात पडतात ते मंडळाच्या खजिनदारालाच ठाऊक. पण पाचशे रुपये बुडणं निराळं आणि माणसाचा पाय निराळा.

पनवेलला ऑपरेशन करावं लागलं. सत्तर हजार सांगितले. हे डोलवीला ठेकेदाराकडे कामाला होते. ठेकेदाराकडे मी दिराला पाठवलं. ठेकेदार म्हणाला, "तुमच्या साहेबांनी दिलेत ना? मग माझ्याकडे कशाला?" मंडळाकडे गेलो. "साहेबांनी जाहीर केलंय वहिनी, जरा धीर धरा." माझी सख्खी मावशी दहा हजार देणार होती, तिनेही हात आखडला. सगळ्यांना वाटायचं आमच्या घरात एक्कावन्न हजार येऊन पडलेत. न मिळालेल्या पैशांनी मिळणारे पैसेही बंद केले. नुसतं दिलं नसतं तर एवढी आग झाली नसती. साहेब काही न बोलता बसून राहिले असते तर तो टॉवेल तरी पुढे फिरला असता.

पैसे दिले ते खालाने. ती आमच्या गावाच्या खालच्या मोहल्ल्यातली. माझ्या सासूच्या वेळेपासून आमचे वाल तिच्याकडे जातात. तिच्या मुलाने आखातातून वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी पैसे पाठवले होते. मी मागायला गेले नव्हते, मला मागता येत नाही. वाल द्यायला गेले आणि रडले. ती आत गेली आणि पिशवीच घेऊन आली.

"खाला, याचं व्याज..."

"व्याजाचं नाव काढू नकोस. आमच्यात ते हराम हाय. जसे जमतील तसे दे. घर काय पळून जात नाय माझं."

तिच्या घरावरच्या लोखंडी सळया तशाच आभाळाकडे बघत गंजत राहिल्या. वाल घेऊन गेले की मी त्या सळयांकडे बघायची नाही.

साहेबांच्या पेणच्या ऑफिसात आम्ही गेलो. हे कुबड्या घेऊन, मी मागे. बाहेर चपलांचा ढीग. पहिल्यांदा सांगितलं साहेब मुंबईला आहेत. दुसऱ्यांदा सांगितलं, चेक मंडळाच्या नावाने गेलाय. मंडळ म्हणालं आला नाही. तिसऱ्यांदा साहेब स्वतः भेटले. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय वाघा, पाय कसा आहे?" हे म्हणाले, "बरा हाय साहेब." एकाने फोटो काढला. आम्ही बाहेर आलो. मी विचारलं, "पैशांचं बोललात का नाय?" हे म्हणाले, "त्यांच्या ध्यानात असेल गो." मला त्या दिवशी साहेबांपेक्षा यांचाच राग आला. घोटा धरला की सोडत नाही म्हणे!

मग मी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायच्या कामाला लागले. पॉलिश पेपरने दिवसभर घासायचं. हात, भुवया, पापण्या सगळं पांढरं व्हायचं. गणपती झाले की पापड लाटायला जायचं. यांचं ठेकेदाराकडचं काम सुटलं होतं. पाय पूर्वीसारखा वाकेना, म्हणून गावातच एका दुकानात बसायला लागले. जेवढे उरायचे तेवढे खालाला नेऊन द्यायचे. कधी दोन हजार, कधी पाचशे, एका वर्षी काहीच नाही.

आणि नळावर काय ऐकायचं? "एक्कावन्न हजारवाली आली, सरा गो बाजूला!" हसत म्हणायच्या. एकीने तर विचारलं, "एवढे पैसे मिळाले तरी मूर्ती घासायला जातेस? काय हौस हाय का?" मी हंडा भरून घरी आले. उत्तर मला सुचलं होतं, ते मी चुलीपाशी बसून दिलं.

स्मरणिका निघायच्या आधी एक गुरुजी आले होते, रोह्याचे. इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. बाहेरच्या खोलीत हे त्यांना जुने सामने सांगत होते. मी चहा घेऊन दारात उभी. गुरुजी लिहिता लिहिता म्हणाले, "आणि साहेबांनी तेव्हा एक्कावन्न हजार दिले, बरोबर?"

हे खाली बघून गुडघा चोळायला लागले.

मी दारातून म्हणाले, "नाय दिले."

गुरुजींनी वर बघितलं. तरी मी पुन्हा म्हणाले, "नाय मिळाले गुरुजी. एक रुपया नाय."

"असं का? बरं झालं सांगितलंत वहिनी. मग ते लिहीत नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनी ओळ खोडली, मी बघितलं.

ते गेल्यावर हे माझ्यावर भडकले. "आता फोटोपण काढून टाकतील! सगळ्या आयुष्यात एकदा छापून येणार होतं."

फोटो छापला. ओळही छापली. मी मुलीकडून गुरुजींना फोन लावून घेतला. ते म्हणाले, "वहिनी, मी काढली होती. पण साहेब समितीचे अध्यक्ष आहेत. छापखान्यात जाताना कुणीतरी परत घातली. आता काय करणार?" आता काय करणार, असं गुरुजी मलाच विचारत होते. रोह्याला मोठा कार्यक्रम झाला, जुन्या खेळाडूंना शाल, नारळ आणि पाकीट दिलं. साहेबांच्या हातून. हे शाल पांघरून घरी आले.

इथपर्यंतचं सगळं मी गिळलं असतं. नळावरच्या बायकांचं मला काही देणं नव्हतं. पण पंधरा दिवसांनी मी वाल घेऊन खालाकडे गेले, तर ओट्यावर स्मरणिका होती. तिच्या नातीने तिला वाचून दाखवली होती. एरवी मला बघितलं की ती आतल्या सुनेला चहा टाकायला ओरडते. त्या दिवशी ओरडली नाही. वाल बाजूला ठेवले आणि चष्मा पुसत म्हणाली, "काय गो, तुमाला तेव्हा एक्कावन्न हजार मिळालेले?"

"नाय खाला."

"मंग हे लिवलंय ते?"

"खोटं हाय."

"छापलेलं हाय," ती म्हणाली. भांडली नाही. नुसतं तेवढंच. पण मला कळलं ती काय विचारत होती. पैसे हातात असताना या बाईने मला इतकी वर्षं पाचशे-पाचशे देऊन खेळवलं का? माझा स्लॅब तसाच राहिला तो का? तिने विचारलं नाही म्हणून मला जास्त लागलं. घरी येईपर्यंत मी कुठे थांबले नाही.

घरी हे जेवत होते. मी म्हणाले, "उठा."

"जेवू दे तरी."

"जेवा. मंग माझ्याबरोबर खालाकडे चला. आणि तिच्यासमोर सांगा, तुमच्या तोंडाने."

"आता कशाला? तुझ्यावर तिचा विश्वास हाय."

"नव्हता कधी तुटला, आता तुटलाय. ज्याच्या फोटोखाली लिहिलंय त्याने सांगायला पायजे. माझं तिने का ऐकावं? मी काय पुस्तकात हाय?"

हे म्हणाले, "ते पाकीट हाय ना, पाच हजाराचं. तेच नेऊन देऊ. बाकी किती राहिलेत?"

राहिले होते तेवढेच, साधारण पाच हजार. माझा आवाज एवढा चढला की शेजारीण बाहेर आली. "त्यांच्या पाकिटातला एक रुपया खालाला द्यायचा नाय! उद्या पुढच्या पुस्तकात छापतील, साहेबांच्या पैशाने कर्ज फिटलं म्हणून. या सीझनची मजुरी यायचीय माझी. ती आली की जाऊ. तोवर तुमी काय सांगणार ते ठरवा." लग्नानंतर मी यांच्याशी एवढी वाक्यं एका दमात कधी बोलले नव्हते. यांनी ताट सरकवलं. पाकिटाचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही. मंडळाच्या पोरांना बूट घेतले असं ऐकलं.

गणपतीच्या आधी कारखान्याने हिशेब केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांचा चांगला शर्ट पेटीतून काढून यांच्यापुढे ठेवला. तो घालून हे आले. उतारावर यांचा पाय त्रास देतो, म्हणून हळूहळू गेलो. खाला ओट्यावर पोहे निवडत होती. यांना बघून तिला नवल वाटलं. हे इतक्या वर्षांत तिच्या दारात आले नव्हते. लाज वाटायची, आणि ती लाज माझ्या हातून पाठवायचे.

हे उभे राहूनच म्हणाले, "खाला, त्या पुस्तकात लिवलंय ते खोटं हाय. साहेबांनी माईकवर सांगितलं, दिलं नाय. मी तीन वेळा त्यांच्या दारात गेलो, आणि साहेब समोर आले तरी तोंड उघडलं नाय. ही बोलायला गेली, तर मी हिलाच गप्प केलं. माझ्या पायाला पैसे लागले ते तुझे. दुसऱ्या कुणाचे नायत."

खालाने हातातले पोहे खाली ठेवले. "मंग पुस्तकवाल्याला का नाय सांगितलंस?"

"फोटो यायचा होता," हे म्हणाले.

"मेल्या," खाला म्हणाली, "तुझ्या फोटोपायी मी महिनाभर या पोरीला चहा नाय दिला." आणि आत बघून ओरडली, "अगो, चहा टाक, तीन!"

मला हसू आलं नाही. माझा राग अजून तसाच होता, आजही आहे. साहेबांवर, समितीवर, त्या ओळीवर, थोडा यांच्यावरही. पुस्तक शेकडो घरांत गेलंय आणि खालाचा ओटा एकच आहे.

मी पैसे काढले. खाला मोजत नव्हती, म्हणाली, "ठेव, बरोबरच असतील." मी म्हणाले, "नाय, मोजायचेच." तिच्यासमोर एकेक नोट मोजून पोह्यांच्या सुपाशेजारी ठेवली. बरोबर होते. यांनी विचारलं, "आता किती राहिले खाला?"

"काय नाय राहिलं," ती म्हणाली. "सगळे फिटले."