तेरा चिंचोके

चिंच फोडताना चिंचोके परातीत खडखडले की मोताळ्याची शाळा आठवते. मूळ संख्या मला काही केल्या उमगत नव्हत्या. दाराशी वेगळ्या गोणपाटावर बसवलेली बौद्ध वस्तीतली मुलगी मधल्या सुट्टीत चिंचोके मांडून मला शिकवायची, “ज्याच्या सारख्या ओळी लागत नाहीत, ते मूळ.” एकदा गुरुजींनी विचारलं, वर्गातल्या मुलींच्या सारख्या ओळी लागतील का? मी झटकन मोजून म्हणाले, “हो, सहा-सहाच्या दोन.” गुरुजी “शाबास” म्हणाले. शाळा सुटल्यावर तिने माझ्या ओंजळीत तेरा चिंचोके ओतले. “मले काऊन नाही धरलं वं?” मूळ संख्या मला तेव्हा कळली. तिने पुन्हा काहीच शिकवलं नाही. चिंचोके मी आजही न मोजता फेकते.