माझ्या लग्नाची एपीके पत्रिका

दुपारी अंधेरीच्या ऑफिसात डबा उघडला आणि कांदिवलीच्या मावशीचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत तिनं सुरुवात केली, "लबाड! लग्न ठरलं आणि मावशीला नुसती मोबाइलवर पत्रिका?"

"कुणाचं लग्न?"

"तुझं गं! आईच्या फोनवरून आलीय ना. माझ्याकडे उघडतच नाहीये. मुलगा कुठला, तेवढं तरी सांग."

चौतिशी उलटलेली मी नाहूरला आईबरोबर राहते. माझ्या लग्नाचा नाद नातेवाइकांनी केव्हाच सोडला होता, त्यामुळे मावशीचा आनंद गगनात मावत नव्हता. तिला कसंबसं थांबवतेय तोवर गावाहून मामा. "काय गो, लगीन ठरला तुजा आणि आमका सांगूक पण नाय?" त्याचं नेट नेहमीप्रमाणे गंडलेलं, म्हणून त्याच्याकडेही फाइल उतरली नव्हती. त्यानंतर शाळेतली मैत्रीण. तिनं तर मेसेजमध्ये नाचणारी बाई पाठवली.

मावशीला म्हटलं, आलेल्या मेसेजचा फोटो पाठव. पाठवला. फाइलचं नाव होतं 'लग्नपत्रिका', आणि शेवटी टिंब देऊन एपीके. माझं काम ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचं. ती अक्षरं बघून मी डबा बंद केला. एपीके म्हणजे कार्ड नव्हे, अख्खं ॲप. फोनमध्ये शिरलं की मेसेज वाचतं, ओळखीतल्या सगळ्यांना स्वतःच पुढे पाठवत सुटतं.

आईचा फोन सतत बिझी. शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला. "काकू, पळत जा आणि आईचा फोन बंद करा."

"अगं, मी तिच्याकडेच बसलेय. अभिनंदन घेता घेता दमलीय बिचारी. चहाचं आधण ठेवलंय मी."

"काकू, फोन!"

मागून आईचा आवाज आला, "सगळ्यांना कळलंय, आता कुणीतरी हिलाही सांगा, लग्न ठरलंय म्हणून!"

काकूंनी आईचा फोन बंद केला. मी साहेबांना सांगून निघाले, मेट्रोनं घाटकोपर आणि पुढे रिक्षा. वाटेत माझ्या फोनवरून बँकेला कळवलं, आईच्या खात्याला काही झालं नव्हतं. ज्यांना ज्यांना आठवलं त्यांना मेसेज केला: लग्न नाही, व्हायरस आहे, उघडू नका.

घरी आई कोचावर तोंड पाडून बसली होती. "भजनी मंडळातल्या बाईकडून आली गं. वर गणपती होता. मला वाटलं, तिच्या नातीचं लग्न. काहीतरी विचारत होता फोन, मी हो हो म्हणत गेले. गणपतीला नाही कसं म्हणायचं?"

मला एवढं हसू आलं की रागवायचं राहूनच गेलं. फोनमधले तिचे फोटो आधी कॉम्प्युटरवर काढून घेतले, मग आतलं सगळं पुसून फोन नव्यानं लावून दिला. आई शेजारी बसून बघत होती. कोकणातून मुंबईत येऊन गिरणी कामगाराचा संसार केलेली बाई ती, गप्प बसेल थोडीच! म्हणाली, "मला नीट समजाव. कुठली फाइल उघडायची आणि कुठली नाही?"

"फाइलच्या नावाचा शेवट बघायचा. जेपीजी म्हणजे फोटो, त्यात सहसा भीती नाही. पीडीएफमध्ये कधी कधी खोटी लिंक असते, तिथे बोट लावायचं नाही. फोनवर एपीके आलं, कॉम्प्युटरवर ईएक्सई आलं, तर हातच लावायचा नाही. झिपच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. वर्ड-एक्सेलची फाइल 'परवानगी द्या' म्हणाली तर द्यायची नाही."

"आणि फोटोच्या नावानं दुसरंच काही आलं तर?"

मी तिच्या पाठीवर थाप दिली. "येतं ना. नावात जेपीजी लिहितात आणि त्याच्याही पुढे ईएक्सई. म्हणून अगदी शेवटचं टोक बघायचं."

रविवारी मावशी आली ती बेसनाचे लाडू घेऊनच. "व्हायरस तर व्हायरस, एकदा वळलेले लाडू आता काय मोडून त्यांचं परत पीठ करायचं?" काकू आल्या, भजनी मंडळातली ती बाईही आली, ओशाळून. आईनं तिला आधी लाडू दिला आणि मग हात पुढे केला. "फोन दाखव."

तिचा फोनही मी पुसून दिला. तेवढ्यात आईनं मावशीचा फोन ओढून घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि बोटानं मेसेज वर ढकलत गेली. एका ठिकाणी थांबली. "हे काय गं? 'वीजबिल', आणि पुढे एपीके!"

"अगं, लाइट कापणार म्हणतात. आज बघणारच होते."

"बघायचं काही नाही. बिल कधी ॲप होऊन येतं का?" आईनं ती फाइल स्वतःच्या हातानं उडवली, नंबर ब्लॉक कुठून करतात ते मला विचारून घेतलं, आणि फोन मावशीच्या मांडीवर ठेवून विजयी मुद्रेनं लाडवाचा डबा जवळ ओढला.