गास्टहाऊसमधल्या दोन खुर्च्या

जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या ज्या खेड्यात आम्ही राहायचो, तिथे चर्चपेक्षा गास्टहाऊसचा मान मोठा. म्हणायला पब, पण गावातली सगळ्यात जुनी इमारत. लग्न, वाढदिवस, आगीच्या बंबवाल्यांची मीटिंग, सगळं तिथेच. मी मात्र कधी पाय ठेवला नाही. गुत्ता तो गुत्ता, जुना झाला म्हणून काय त्याचं देऊळ होतं का, असं नवऱ्याला ठणकावून सांगायचे.

शेजारचे आजोबा रोज संध्याकाळी तिकडे जाताना आमच्या खिडकीवर टकटक करायचे, चला म्हणून. मी हसून नको म्हणायचे. त्यांना आणि आजींना मूलबाळ नव्हतं. हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ तेच काढायचे, न सांगता.

ते गेले. दफनाला आम्ही दोघं गेलो, मूठ मूठ माती टाकली. आजींनी माझा हात धरून आता गास्टहाऊसला जेवायला या म्हटलं. मी नुसती हो म्हणून मान हलवली आणि आम्ही सरळ घरी आलो. स्मशानातून आलं की आधी डोक्यावरून आंघोळ! माणसाला पुरून लगेच सूप नि केक झोडायला बसायचं म्हणजे काय? नवरा म्हणाला, अगं, यांच्यात दफनानंतर सगळ्यांनी एकत्र जेवायची पद्धत असते. मी त्यालाच झापलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काळ्या कोटातल्या आजी, हातात झाकलेलं भांडं. बटाट्याचं सूप होतं. आमच्यासाठी मांस न घालता वेगळं करायला त्यांनी गास्टहाऊसच्या मालकिणीला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

"माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या तुमच्यासाठी धरल्या होत्या," त्या म्हणाल्या. "कोणाला बसू दिलं नाही."

मी ओल्या केसांनी तशीच उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंघोळीचे नियम तेवढे पाठ होते मला. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं, तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेऊन देतात. ते मात्र सोयीस्कर विसरले होते. आणि इथे आजीच माझ्या दारात जेवण घेऊन आल्या होत्या.

तुम्ही जेवलात का, एवढंच कसंबसं विचारलं.

"नाही," आजी म्हणाल्या. "तुमची वाट बघत होते."